घोडे धर, डेलमार

थट्टा बंद झाली तेव्हाच डेलमार प्रूइटला कळायला हवं होतं. नेवाडाच्या त्या उत्तरेकडच्या मुलखात माणसाला टोपणनावं मिळाली, त्याच्या घोड्यावरून, पोटावरून, स्वयंपाकावरून टोमणे मिळाले, की त्याचं बरं चाललंय असं समजायचं. ज्याच्याशी लोक नीट, सभ्यपणे बोलायला लागले त्याने ओळखावं, आपलं काहीतरी चुकलंय. खोटारडा हा शब्द तिथे कोणी कोणाला वापरत नाही. तो वापरला की मारामारी तरी करावी लागते, नाहीतर मुलूख तरी सोडावा लागतो. त्यापेक्षा सभ्यपणा सोपा. आणि नुसत्या सभ्यपणाने माणूस किती सोलून निघतो ते डेलमारने त्या वर्षी अनुभवलं.

एरवी त्याची सगळी ओळख एका हाकेत होती. "घोडे धर, डेलमार!" गुरांना डाग द्यायच्या दिवशी तो गाडीतून उतरला की कुंपणापलीकडून ही हाक यायची. बारमध्ये शिरला की यायची. त्याच्या लग्नात तो नवरीचा हात हातात घेत असताना मागच्या बाकावरून पीट इरिगॉय हेच ओरडला होता आणि पाद्रीसुद्धा हसला होता. डेलमार दर वेळी चिडल्यासारखं करायचा, कान लाल व्हायचे, आणि मनातून त्याला बरं वाटायचं.

हाकेमागची गोष्ट त्या भागातल्या प्रत्येक गुराख्याला पाठ होती. डेलमार, पीट वगैरे मंडळी थ्री कॉटनवुड रँचवर कामाला होती तेव्हाची. एप्रिल महिना, डोंगरावरचं बर्फ वितळून नदी दुथडी भरलेली, आणि पलीकडे अडकलेल्या गाई अलीकडे आणायच्या. लेस्टर नावाचा नवा गडी घोड्यासकट पाण्यात गेला. मधोमध घोडा उलटला. बाकीचे काठावर येऊन उड्या टाकून उतरले, आणि एल्वुड सॅमने कोणाला काही न विचारता बूट काढून आपल्या खोगिराला अडकवले, कमरेला दोर बांधला आणि पाण्यात उतरला. हा एल्वुड पायूट या मूळच्या आदिवासी जमातीचा, वरच्या वस्तीतला, बोलायला कंजूष आणि दोर फेकण्यात त्या भागात पहिला. पीट आणि आणखी दोघे दोर धरून उभे राहिले. घोडे कोणीतरी धरायला हवे होते. पीट ओरडला, "घोडे धर, डेलमार!"

डेलमारने धरले. पाचही लगाम त्याच्या मुठीत होते. पण एल्वुडचं डोकं पाण्याखाली गेलं तसा तो नदीकडे बघत राहिला, आणि लेस्टरला घेऊन एल्वुड वर आला, सगळे आरडाओरडा करायला लागले, त्या गडबडीत एक घोडा बुजला, त्याच्यामागे दुसरा, आणि डेलमारच्या हातात काही उरलं नाही. घोडे तडक रँचवर गेले. कोरडे कोट, कॉफी, काडेपेट्या, सगळं खोगिरांना बांधलेलं. एल्वुडचे बूटही. जीव वाचवून आलेला माणूस ओल्या कपड्यांत, अनवाणी, काटेरी झुडपांमधून आणि उरल्यासुरल्या बर्फातून दिवस मावळेपर्यंत चालत आला. डेलमारने आपले बूट देऊ केले, तर ते त्याच्या पायात जाईनात. लेस्टर पुढे आयडाहोकडे गेला आणि तिकडेच वारला. गोष्ट मात्र इथेच राहिली आणि वर्षानुवर्षं लोकांना हसवत राहिली.

मग घोळ कुठे झाला? घोळ झाला मुलीच्या खोलीत. शॉना सहा वर्षांची होती, आई बॉइझीच्या इस्पितळात, आणि पोर काही केल्या झोपेना. डेलमारने तिला नदीची गोष्ट सांगायला घेतली. पाणी, घोडा, लेस्टरची ओरड. पोर उठून बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मग तुम्ही उडी मारली?"

डेलमार म्हणाला, "हं."

एवढंच. त्या रात्री ती झोपली आणि गोष्ट संपली असं त्याला वाटलं. लहान मुलांना सांगितलेल्या गोष्टी खोलीबाहेर जात नाहीत असा त्याचा समज होता. या समजाबद्दल त्याला नंतर स्वतःचेच कान उपटावेसे वाटले.

कारण शॉना मोठी होऊन गाणी करायला लागली. गिटार घेऊन ती गावोगावच्या बारमध्ये गायची, लोक तिच्याकडे पाठ करून पत्ते खेळायचे. वर्षानुवर्षं हेच. आणि मग तिने एप्रिलच्या नदीचं गाणं केलं, आणि लोकांनी पत्ते खाली ठेवले. डेलमारने ते पहिल्यांदा गाडीतल्या रेडिओवर ऐकलं. मागे वैरणीचे गठ्ठे होते, वर ऊन होतं, आणि त्याची लेक गात होती:

एप्रिलच्या त्या पाण्यात बाप माझा उतरला,
कमरेला दोर, मागे वळून नाही पाहिलं.

त्याने गाडी रस्त्याकडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.  संध्याकाळी शॉनाचा फोन आला, "बाबा, ऐकलंत?" तिचा आवाज आनंदाने कापत होता. आज नाही, उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. असे बरेच उद्या गेले.

शरद ऋतूत गुरं खाली आणायच्या कामाला सगळे जमले. डेलमार गाडीतून उतरला. कुंपणापलीकडून हाक आली नाही. पीट म्हणाला, "या डेलमार, कसे आहात? प्रवास ठीक झाला?" पीट इरिगॉय, ज्याने आयुष्यात त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं! कोणीतरी त्याला कॉफी आणून दिली, बसायला जागा दिली. दुपारी फाटक उघडायला एल्वुड घोड्यावरून उतरला तेव्हा डेलमारने सवयीने त्याच्या लगामाकडे हात केला. एल्वुडने लगाम आपल्याच हातात ठेवला.

"राहू दे," तो शांतपणे म्हणाला. "मी धरतो."

त्या दिवसभर डेलमारला घास गोड लागला नाही. एल्वुडला सांगायचं तरी काय? मुलीने चूक केली म्हणायचं, तर चूक मुलीची नव्हती. आणि सगळ्यात लाज याची वाटत होती की रेडिओवर ते गाणं लागलं की आतून कुठेतरी, अगदी खोल, त्याला ते आवडायचं. आपण उडी मारली असती तर कसं दिसलं असतं, ते तो बघत बसायचा.

फेब्रुवारीत गावात दरवर्षीचा मेळावा भरला. गाणारे, गोष्टी सांगणारे, खोगिरं शिवणारे, दोर वळणारे, आणि त्यांना ऐकायला शहरांतून आलेली माणसं. त्या वर्षी मेळाव्याच्या समितीने जुन्या गुराख्याचा मान म्हणून कमरपट्ट्याचं चांदीचं बक्कल डेलमारला द्यायचं ठरवलं. नदीतल्या त्या पराक्रमासाठी. पत्र आलं तेव्हा त्याने नाही म्हणायला फोन उचलला होता. पलीकडची बाई म्हणाली, "शॉनाला आम्ही आधीच सांगितलं, ती रडायलाच लागली हो आनंदाने." त्याने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं. डेलमार स्टेजवर चढला तेव्हा त्याला पुढच्या रांगेत शॉना दिसली आणि तिच्या मागे दोन रांगा सोडून आपली जुनी टोळी दिसली. पीट, आणि एल्वुड, आणि एल्वुडची बायको व्हर्ना. सगळे आले होते. येणारच, न येणं हा उघड अपमान झाला असता. निवेदकाने गाण्यातल्या दोन ओळी वाचल्या, बक्कल त्याच्या हातात दिलं आणि माइक तोंडापुढे धरला.

डेलमारने ठरवलं होतं. आता किंवा कधीच नाही.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "मी काही केलं नाही त्या दिवशी. पाण्यात एल्वुड सॅम गेला होता. तो बघा तिथे बसलाय. मी नुसता काठावर उभा होतो."

 सभागृहात हसू फुटलं, मोठं, प्रेमळ हसू, आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. निवेदकाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "ऐकलंत ना? अस्सल गुराखी! बक्कल हातात असतानासुद्धा श्रेय मित्राला देतोय!"

डेलमार वेड्यासारखा बघत राहिला. अरे, यात नवल काय? या मुलखात कोणी आपली फुशारकी मारतच नाही. बैलाने हाडं मोडलेला माणूसही 'जरा धक्का लागला' म्हणतो. बर्फातून वासरू खांद्यावर आणणारा 'चालायला गेलो होतो' म्हणतो. मग खरोखर काही न केलेल्याने 'मी काही केलं नाही' म्हटलं, तर त्यावर कोण विश्वास ठेवणार? वर त्याच्या नावावर आता मोठेपणाही जमा झाला. एल्वुडचं शौर्य तर घेतलंच होतं, आता त्याला दान देणाराही तोच ठरला.

त्याने टोळीकडे पाहिलं. पीट आपल्या बुटांकडे बघत होता. व्हर्ना पर्समध्ये काहीतरी शोधत होती. एल्वुड टाळ्या वाजवत होता, नीट, मोजून, आणि त्याचा चेहरा कोरा होता. डेलमारला वाटलं, ही जमीन आत्ता दुभंगावी.

शॉना दुपारी गाणार होती. स्टेजमागच्या खोलीत ती तारा लावत बसली होती. डेलमार आत गेला आणि दार लावून घेतलं.

"ते गाणं आज म्हणू नकोस," तो म्हणाला.

"आता हे काय नवीन? लोक त्यासाठीच आलेत, बाबा."

"त्यात एक चूक आहे."

"कुठली? महिना? की घोड्याचा रंग? तुम्हीच म्हणाला होता तांबडा म्हणून."

"माणूस," डेलमार म्हणाला.

तारेवरचा तिचा हात थांबला. "म्हणजे सकाळी तुम्ही बोललात ते..."

"खरं होतं."

"मग तुम्ही काय करत होता?"

"घोडे धरत होतो."

 मग त्याने तिला सगळं सांगितलं, पाच लगामांपासून एल्वुडच्या बुटांपर्यंत. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती. तो थांबला तेव्हा तिने गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"घोडे धर, डेलमार," ती शेवटी हळूच म्हणाली. "लहानपणापासून ऐकतेय मी. मला वाटायचं, तुमच्याइतके घोडे कोणाला सांभाळता येत नाहीत म्हणून म्हणतात. शाळेत सांगायचे मी सगळ्यांना."

डेलमारने नुसती मान हलवली.

"व्हर्नाकाकू भेटल्या होत्या मला नाताळात," शॉना म्हणाली. "मी मिठी मारायला गेले तर त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं खांदा दुखत असेल त्यांचा. देवा! मी त्यांच्यासमोर गायलेय हे, बाबा. एल्वुडकाका समोर बसलेले असताना. एकदा तर त्यांना विचारलं, कसं वाटलं गाणं? 'चाल छान आहे' म्हणाले."

"चूक माझी आहे, पोरी."

"आहेच! तुम्ही त्या रात्री खरं का नाही सांगितलंत?"

"तू रडत होतीस."

"मी सहा वर्षांची होते! रेडिओवर लागलं तेव्हा तर नव्हते ना रडत?"

याचं खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. शॉनाला ते त्याच्या तोंडावर दिसलं असावं, कारण तिचा राग ओसरला आणि त्या जागी जे आलं ते त्याला रागापेक्षा जड गेलं. तिने गिटार उचलली.

"जा, बसा जाऊन," ती म्हणाली. "पुढे बसू नका. तुमच्या माणसांत बसा."

त्याच्या माणसांत! तो सभागृहात गेला. एल्वुडच्या मागच्या रांगेत पीटच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. पीटने गुडघे आवरून वाट दिली आणि "या, बसा" म्हणाला. बक्कल कोटाच्या खिशात होतं, आणि तिथे ते नसतं तर बरं असं डेलमारला सारखं वाटत होतं. शॉना आता काय करेल? गाणं टाळेल? की पुन्हा तसंच म्हणेल? तिचं पोट त्या गाण्यावर चालत होतं. तसंच म्हणाली असती तरी तो तिला बोल लावू शकत नव्हता.

तिने दोन गाणी म्हटली, आणि मग लोकांनी हाकारे घालून मागितलं ते तिसरं सुरू केलं. चाल तीच. बर्फ वितळलं, नदी फुगली, लेस्टरचा घोडा उलटला. डेलमारने खुर्चीचा हात घट्ट धरला.

एप्रिलच्या त्या पाण्यात एल्वुड सॅम उतरला,
कमरेला दोर, मागे वळून नाही पाहिलं.

समोरची एल्वुडची रुंद पाठ ताठ झाली. व्हर्नाने नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. शॉनाने कडवं पूर्ण केलं आणि गाणं तिथेच मध्ये तोडलं. गिटार बाजूला ठेवली. लोक चुळबुळले.

"पुढचं गाण्यात बसत नाही," ती माइकमध्ये म्हणाली. "माझ्या वडिलांनी सकाळी तुम्हाला खरं सांगितलं. तुम्हाला तो विनय वाटला. माझ्या घरच्यांत एवढा विनय नाही हो. बाबा, उभे राहा."

डेलमार उभा राहिला.

"एल्वुडकाका पाण्यात असताना तुम्ही काय करत होता?"

"घोडे धरले होते," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"घोडे धरले होते!"

"किती?"

"पाच."

"काका बाहेर आले तेव्हा किती उरले होते?"

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. डेलमारचे कान पेटले होते. समोरची चारशे माणसं मान वळवून त्याच्याकडे बघत होती, सकाळी त्याच्यासाठी उभी राहिलेली तीच माणसं.

"एकही नाही," तो म्हणाला.

"कुठे गेले?"

"घरी."

आता हसू आवरेना झालं. पण शॉना हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते, आणि आवाज मात्र स्थिर होता. "आणि एल्वुडकाकांचे बूट कुठे होते?"

डेलमारने तोंड उघडलं. पाठमोऱ्या एल्वुडच्या हॅटकडे बघत त्याने कसंबसं सांगितलं, "खोगिराला. तेही घरी गेले."

सभागृह हसण्याने दणाणलं. बायका डोळे पुसत होत्या, म्हातारे मांड्या बडवत होते. सकाळच्या टाळ्यांत आणि या हसण्यात काय फरक होता ते डेलमारला उभ्या उभ्या कळलं. लाज तेव्हाही वाटली होती, आत्ताही वाटत होती, भर सभेत, पोटच्या पोरीने काढलेली. पण ही त्याची स्वतःची होती. हिच्यात दुसऱ्याचं काही नव्हतं. तरी डोळ्यांत पाणी यायचं थांबेना.

शॉना स्टेजवरून उतरून थेट त्या रांगेशी आली. आधी व्हर्नापुढे उभी राहिली. "काकू, मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली. व्हर्नाने तिच्याकडे नीट बघून घेतलं, उठली, आणि तिला जवळ घेतलं. "माहीत नव्हतं ते कळत होतं गं," ती म्हणाली. "पण या म्हाताऱ्याला रोज रेडिओ बंद करताना बघायचं म्हणजे..."

एल्वुडही उठला. बाईमाणूस समोर आलं की हॅट काढायची ही त्याची जुनी रीत. त्याने ती काढली, आणि शॉना त्याच्या गळ्यात पडायला पुढे झाली, तेव्हा हातातल्या हॅटचं काय करावं त्याला सुचेना. तिथे दुसऱ्याच्या हॅटला कोणी हात लावत नाही. सख्खा भाऊही नाही. खुर्चीवर ती टाकायची नसते, जमिनीवर तर नाहीच. त्याने इकडे तिकडे पाहिलं. पीटने हात पुढे केला होता.

एल्वुडने तिकडे लक्ष दिलं नाही. तो मागे वळला आणि हॅट डेलमारच्या छातीशी टेकवली.

"धर," तो म्हणाला. "हिला पाय नाहीत. तुला जमेल."

डेलमारने ती दोन्ही हातांनी धरली. आतली चामड्याची पट्टी अजून उबदार होती. पलीकडून पीट सभागृह हलवून सोडणाऱ्या आवाजात ओरडला, "घट्ट धर रे गाढवा!" आणि सगळी रांग हसत असताना डेलमार मान खाली घालून, हॅट जराही हलू न देता, एल्वुड परत मागेल तोपर्यंत तसाच उभा राहिला.